बिलातली ‘नर्सिंग चार्जेस’ची ओळ : परिचारिकांच्या दीडशे वर्षांची गोष्ट



गेल्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ क्लिनिकमध्ये आले. त्यांच्या आईला न्यूमोनिया झाला होता. सहा दिवस पुण्यातल्या एका हॉस्पिटलात काढून त्या सुखरूप घरी परतल्या होत्या. गृहस्थांच्या हातात डिस्चार्ज कार्ड आणि बिल होतं. बिलातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “डॉक्टरसाहेब, औषधांचं कळलं, एक्स-रेचं कळलं. पण हे रोजचे नर्सिंग चार्जेस कशाचे? सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायला तर मीच जात होतो!”

त्यांचा राग मला समजला. त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिलं, पण ते त्यांना पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. सिस्टर नेमकं काय करतात, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. म्हणून आजचा लेख आजाराबद्दल नाही, आजाऱ्याच्या उशाशी उभ्या असणाऱ्या माणसाबद्दल आहे.

सिस्टर येण्याआधी

दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मुळशीत कोणी आजारी पडलं तर त्याची सेवा कोण करायचं? घरातली बाई. आई, बायको, सून, विधवा आत्या. पेज भरवणं, अंग पुसणं, घाण काढणं हे सगळं तिच्याकडे. बाळंतपण असेल तर गावची सुईण. तिच्या हाताला अनुभव असे, पण तिचं काम ‘विटाळाचं’ मानलं जाई. काम झालं की तिला दाराबाहेरूनच धान्य आणि लुगडं देऊन वाटेला लावायचं.

या एका गोष्टीत नर्सिंगच्या पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ आहे. रक्त, लघवी, शौच, पू यांना हात लावणारी व्यक्ती आपल्याला हवी असते, पण तिला शेजारी बसवायची आपली तयारी नसते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई तर त्या काळी कल्पनेतही बसत नव्हती. त्यामुळे पगार घेऊन, शिक्षण घेऊन, परक्या माणसाची शुश्रूषा करणं हा ‘चांगल्या घरातल्या’ बाईचा व्यवसाय असू शकतो, हे मान्य व्हायला आपल्याकडे फार वर्षं लागली.

इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळं नव्हतं. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ नर्सना घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीला पोचल्या, तेव्हा लष्करी डॉक्टरांना त्या नकोच होत्या. आपण शाळेत ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणून त्यांची गोष्ट ऐकतो. पण त्यांच्या दुसऱ्या हातात वही होती, हे सहसा कोणी सांगत नाही. कोण कशाने मेलं याचे आकडे त्यांनी जमवले. सैनिक गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात जुलाब, कॉलरा आणि टायफससारख्या तापांनी मरत होते. १८५५ च्या फेब्रुवारीत त्या रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चाळीसच्या वर गेलं होतं. इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारं साफ केली, पाणी आणि हवा सुधारली आणि काही महिन्यांत ते प्रमाण शेकडा दोन-तीनवर आलं. नाइटिंगेल यांनी या आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारला दाखवल्या. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांची नर्सिंगची शाळा सुरू झाली.

त्या भारतात कधी आल्या नाहीत. पण भारतातल्या लष्करी छावण्यांची स्वच्छता आणि पुढे खेड्यांचं पाणी यावर त्या कित्येक वर्षं लिहीत राहिल्या. नर्सिंगचा पाया त्यांनी घातला तो नुसत्या दयेवर नव्हे. नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि योग्य माणसाला वेळेत सांगायचं, या तीन गोष्टींवर घातला. लेखात पुढे याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येणार आहेत.

मुंबई : काशीबाई आणि ‘सिस्टर’ हा शब्द

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ सालचं. तिथे आणि इतर सरकारी रुग्णालयांत सुरुवातीला नर्सिंगचं काम पाहिलं ते बरंचसं युरोपियन बायकांनी आणि ख्रिस्ती धर्मभगिनींनी. आपण आज ज्या सहजतेने ‘सिस्टर’ म्हणतो, तो शब्द या भगिनींमुळे रूढ झाला. गंमत बघा, धर्म मागे पडला, पण नातं राहिलं. पुढे पुरुष नर्स आले तेव्हा त्याच न्यायाने त्यांना आपण ‘ब्रदर’ म्हणू लागलो.

१८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने एक निधी उभारला गेला. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टर, शिकलेल्या नर्स आणि सुइणी मिळाव्यात, हा त्याचा हेतू. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नसत, त्यापेक्षा मरण पत्करत. १८८६ मध्ये मुंबईत खास स्त्रिया आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. डॉ. एडिथ पीची तिथल्या प्रमुख होत्या. याच काळात मुंबईत नर्सिंगचं रीतसर शिक्षण सुरू झालं आणि १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय स्त्री नर्सिंग शिकायला आली, अशी नोंद नर्सिंगच्या इतिहासात सापडते. आनंदीबाई जोशींचं नाव आपल्याला पाठ असतं, असायलाच हवं. काशीबाईंचं नाव मात्र मी स्वतः डॉक्टर होऊन वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

इकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलाला जोडून नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. मिशनच्या अशा शाळांमधून ज्या मुली नर्स झाल्या, त्यांत ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने होत्या. ज्यांना समाजाने शिवायचं नाकारलं, अशा घरांतूनही कित्येक जणी आल्या. आजाऱ्याला हात लावायला आधी त्या पुढे झाल्या, बाकीचे मागून आले.

पुणे १८९७ : प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. रँडसाहेबांची प्लेग कमिटी, गोऱ्या सैनिकांनी केलेल्या घरझडत्या, चाफेकर बंधू हा इतिहास आपल्याला माहीत आहे. लोक इतके भ्यायले होते की घरातला आजारी माणूस लपवून ठेवत. प्लेगच्या रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती.

अशा वेळी शहराबाहेर, हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. त्यांच्या आई सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. त्या स्वतः रुग्णांना आणत, त्यांच्याजवळ बसत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगितलं जातं. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सावित्रीबाई पहिल्या शिक्षिका म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, म्हणून त्यांना नर्स म्हणणं बरोबर होणार नाही. पण साथीच्या काळात घरचे दूर सरतात तेव्हा जवळ जाणारं माणूस लागतं आणि त्या जवळ जाण्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते, हे पुण्याने त्या वर्षी पाहिलं.

सेवासदन : विधवेच्या हातात थर्मामीटर

पुण्यात खरा बदल घडवला तो रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर रमाबाईंनी स्वतःला स्त्रियांच्या कामाला वाहून घेतलं आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांच्याबरोबर होते. शिवण, शिक्षण यांबरोबरच सेवासदनाने एक धाडसाचं पाऊल उचललं. ससून रुग्णालयात हिंदू मुली आणि विधवा यांना नर्सिंग शिकायला पाठवलं आणि त्यांच्या राहण्याची सोय केली.

त्या काळचा विचार करा. एखादी विशीतली विधवा, जिचं आयुष्य माजघरात आणि स्वयंपाकघरात जायचं, ती ससूनच्या वॉर्डात उभी राहून परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या रुग्णाच्या काखेत थर्मामीटर लावणार. बाटण्याची भीती, बदनामीची भीती, लोक काय म्हणतील याची भीती. रमाबाई स्वतः प्रतिष्ठित घरातल्या होत्या म्हणून त्यांच्या शब्दावर घरच्यांनी मुली पाठवल्या. या मुलींना मिळालेली गोष्ट मात्र फार मोठी होती. स्वतःच्या कमाईचा पैसा आणि ‘मला हे काम येतं’ हा भरवसा. महाराष्ट्रात मध्यमवर्गीय बाई शिक्षिकेच्या जोडीला आणखी काय होऊ शकते, याचं पहिलं उत्तर ‘नर्स’ हे होतं.

कायदा आला, संख्या मात्र आली नाही

१९०८ मध्ये भारतातल्या प्रशिक्षित नर्सची संघटना झाली. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात नर्स आणि सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला. म्हणजे कोणीही पांढरी साडी नेसून ‘मी नर्स’ म्हणायचं नाही, शिक्षण घेऊन नाव नोंदवायचं. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली होती.

पण संख्या? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात ती दिली आहे. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० नर्स होत्या, म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टर सुमारे ६,३०० माणसांमागे एक होता. नर्सपेक्षा डॉक्टर जास्त! हे उलटं चित्र होतं. त्याचे परिणाम आजही आपल्या वॉर्डांत दिसतात. सेवेचं काम नातेवाईक करतील, असं गृहीत धरून आपण रुग्णालयं चालवत आलो.

खेड्यांसाठी मग दुसरी वाट काढली गेली. १९५० नंतर ए.एन.एम. म्हणजे साहाय्यक परिचारिका प्रसाविकांचं शिक्षण सुरू झालं. सुरुवातीला त्यांचं काम मुख्यतः बाळंतपणाचं होतं. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर त्यांच्याकडे लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, पोषण सगळंच आलं आणि त्या ‘आरोग्यसेविका’ झाल्या. आपण मात्र त्यांना ‘नर्सबाई’च म्हणत राहिलो.

मुळशीच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर ही नर्सबाई म्हणजे काय होती, हे जुन्या माणसांना विचारा. ताम्हिणीकडचा पाऊस, धरणाच्या पाण्याने तुटलेल्या वाटा, आणि खांद्याला बर्फाचा लसीचा डबा. डोंगरी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा नियम आहे, सपाटीवर ५,००० मागे. आकडा लहान वाटतो, पण ती ३,००० माणसं किती वाड्यांत विखुरली आहेत ते चालून बघावं. बर्फ वितळायच्या आत शेवटच्या बाळाला डोस द्यायचा. जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणूमुळे झालेला एकही रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशात या डब्याचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्रात २००५-०६ च्या पाहणीत सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्के. गावोगावच्या नर्सबाई आणि आशाताईंनी दारोदार जाऊन सासवांची मनं वळवली नसती तर हे झालं नसतं.

रात्री २ वाजून १० मिनिटं

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय मुद्दा पुरा होणार नाही.

नव्वदच्या दशकात मी एम.डी. करत असताना एका मोठ्या रुग्णालयात रेसिडेंट होतो. काचेच्या सिरिंज उकळून वापरण्याचे शेवटचे दिवस होते ते. एड्सच्या भीतीने हळूहळू प्लास्टिकच्या, एकदाच वापरायच्या सिरिंज येत होत्या. चाळीस खाटांच्या वॉर्डात पेशंट खाटांवर आणि खाटांखालीही असत. रात्री त्या सगळ्यांना मिळून सिस्टर एक, फार तर दोन.

एका रात्री न्यूमोनियाचा एक पेशंट होता, पन्नाशीचा शेतकरी. ताप उतरला होता. बीपी चांगलं होतं. सिस्टरनी मला उठवलं. “डॉक्टर, श्वास मिनिटाला तीस चाललाय. आणि माणूस मला बरा वाटत नाही.” मी चार्ट बघितला, बीपी बघितलं, म्हणालो, “ताप नाही, बीपी ठीक आहे. सकाळी बघू.” आणि झोपायला गेलो. छत्तीस तास जागा होतो, पण ते कारण झालं, उत्तर नव्हे.

साडेचारला त्यांनी पुन्हा उठवलं. बीपी कोसळलं होतं. संसर्ग रक्तात पसरला होता. आम्ही जमेल ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणूस गेला.

सकाळच्या राउंडला सरांनी केसपेपर उघडला. सिस्टरनी लिहून ठेवलं होतं, “रात्री २.१०. श्वास ३०. पेशंट अस्वस्थ. डॉक्टरांना कळवले.” एवढंच. माझ्याविरुद्ध एक शब्द नाही. सरांनी ते मोठ्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

त्यानंतर आजपर्यंत “पेशंट बरा वाटत नाही” असं एखादी सिस्टर म्हणाली आणि मी उठून गेलो नाही, असं झालेलं नाही.

त्यांनी जे बघितलं त्याला आता शास्त्रात जागा आहे. मोठ्या माणसाचा श्वास साधारण मिनिटाला १२ ते २० असतो. शरीरात काही गंभीर घडू लागलं की अनेकदा सगळ्यात आधी श्वासाची गती वाढते, बीपी पडतं ते कितीतरी उशिरा. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन धोक्याची एक मोजपट्टी तयार केली. गुण वाढले की डॉक्टरने यायचंच. आता आपल्याकडच्याही अनेक हॉस्पिटलांत ती किंवा तशी मोजपट्टी वापरतात. माझ्या त्या रात्री ती असती तर सिस्टरना विनंती करावी लागली नसती.

बेचाळीस वर्षं

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्या तिथे नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली सुमारे ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या सिस्टरनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, काही सिस्टर अरुणाताई जखमी झाल्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यावर मतं वेगवेगळी असू शकतात, मला इथे त्यात शिरायचं नाही. मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हते. ज्यांनी घरी पक्षाघाताचा रुग्ण सांभाळला आहे त्यांना हे काय आहे ते कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटलं तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला सुमारे ४,४०० वेळा. याची कुठे बातमी होत नाही. जखम झाली नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. नर्सिंगचं बरंचसं काम असंच असतं, जे घडलं नाही त्यात ते असतं.

त्या हल्ल्यानंतर नर्सना संप करावा लागला होता, स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. रात्रपाळीच्या सिस्टरला कपडे बदलायला सुरक्षित खोली आहे का, हा प्रश्न आजही अनेक ठिकाणी विचारावा लागतो.

आजची सिस्टर

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. जी.एन.एम., बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या नर्स आहेत, नर्सिंगमध्ये पीएच.डी. केलेल्या आहेत. सरकारी भाषेत त्या अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असतात. मुलगेही शिकतात. आयसीयूत व्हेंटिलेटरचा अलार्म कशामुळे वाजतोय हे सिस्टर आधी ओळखते, डॉक्टर नंतर पोचतो. पुण्यातली कितीतरी हॉस्पिटलं केरळातून आलेल्या सिस्टरच्या जोरावर उभी राहिली, आणि आता आपल्या सिस्टर आखातात, इंग्लंडमध्ये जात आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. नर्सिंगचं किंवा आयुर्वेदाचं शिक्षण आणि वर सहा महिन्यांचा कोर्स केलेले हे लोक गावातच बीपी आणि शुगर तपासतात.

२०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर दीड-दोन वर्षं आजाऱ्याजवळ नातेवाइकांना जाता येत नव्हतं. पाणी पाजणारी, घरी व्हिडिओ कॉल लावून देणारी, कित्येकांच्या शेवटच्या क्षणी हात धरणारी व्यक्ती सिस्टरच होती. आपण थाळ्या वाजवल्या. मग विसरलो.

विसरलो म्हणतो, कारण दोन गोष्टी तशाच राहिल्या. पहिली, संख्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात ५ पेशंटमागे १ नर्स आणि शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १ असा आहे. प्रत्यक्षात रात्रपाळीत एका सिस्टरकडे वीस, तीस पेशंट असलेले वॉर्ड मी पाहिले आहेत. याने काय फरक पडतो? लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांत अभ्यास केला, तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नर्सवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. दुसरी गोष्ट, पगार. २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. आजही अनेक छोट्या दवाखान्यांत तेवढे मिळत नाहीत. त्या जागी बारावी झालेल्या मुलीला चार महिने शिकवून ‘सिस्टर’ म्हणून उभं केलं जातं. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही तेच केलं होतं. ती मुलगी कष्टाळू होती, पण इंजेक्शननंतर एखाद्याला रिॲक्शन आली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. काही वाईट घडलं नाही, हे माझं आणि माझ्या पेशंटचं नशीब.

तुम्ही काय करू शकता?

• अॅडमिट होताना किंवा घरच्याला अॅडमिट करताना विचारा : रात्री या वॉर्डात किती सिस्टर असतात? त्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या आहेत का? हे विचारण्यात काही गैर नाही.

• चालू असलेली औषधं आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हे डॉक्टरांना सांगितलं असलं तरी सिस्टरनाही सांगा. औषध प्रत्यक्ष त्यांच्या हातून दिलं जातं.

• दम लागतोय, पेशंट गोंधळल्यासारखा बोलतोय, लघवी कमी झालीय, हे लगेच सिस्टरना सांगा. सलाईन संपण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

• एखादी सिस्टर म्हणाली की पेशंट बरा वाटत नाही, तर डॉक्टर येईपर्यंत पाठपुरावा करा. तिच्या बाजूने उभे राहा.

• “डॉक्टरला विचारायची काय गरज, तुम्हीच इंजेक्शन द्या” असा आग्रह धरू नका. नाही म्हणणारी सिस्टर तुमचंच भलं बघते आहे.

• आणि राग आला तरी आवाज चढवताना एवढं आठवा की ती कदाचित वीस जणांना सांभाळते आहे.

त्या गृहस्थांना मी पुढच्या भेटीला बसवून हेच सगळं सांगितलं. मग त्यांच्या आईचा चार्ट मागवून दाखवला. सहा दिवस, दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन. तिसऱ्या रात्री तीन वाजताच्या चौकटीत श्वास २८, ऑक्सिजन ८९, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, “डॉक्टरांना कळवले, ऑक्सिजन वाढवला.” अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं होतं. तेव्हा ऑक्सिजन ९४ होता.

“मी तर तेव्हा खुर्चीत झोपलो होतो,” ते म्हणाले.

“त्याचेच ते चार्जेस,” मी म्हणालो.